दुष्काळ खोडला, टंचाई लिहिली

(टेंभुर्णी, ता. जाफराबाद, जि. जालना येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

१९६३ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानं एक छोटासा कायदा केला. त्याचं इंग्रजी नाव मराठीत आणलं तर असं होईल : राज्यास लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ ही संज्ञा वगळण्याबाबतचा अधिनियम. जुन्या-नव्या कायद्यांत जिथे जिथे ‘फॅमिन’ होतं तिथून ते निघालं आणि ‘स्कॅर्सिटी’ आली. सरकारी मराठीत तिचं नाव टंचाई. कायद्यामागचं कारणही लिहून ठेवलेलं आहे. शेतीच्या परिस्थितीवर सरकारचं सतत लक्ष असतं, टंचाईची चिन्हं दिसली की मदत सुरू होते, तेव्हा फॅमिनची अवस्था येण्याला आता वावच राहिलेला नाही, असा त्याचा आशय होता.

त्या वेळी टेंभुर्णी, जाफराबाद, भोकरदन हा सगळा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात होता. जालना जिल्हा व्हायला १ मे १९८१ उजाडायचा होता. निजामाच्या राज्यातून सुटून पंधरा वर्षं झाली होती, महाराष्ट्रात येऊन तीन. कायद्याला नऊ वर्षं होतात न होतात तोच बहात्तर आला.

बहात्तरला या भागातल्या एकाही म्हाताऱ्या माणसानं टंचाई म्हटलेलं नाही. आजही कुणी म्हणत नाही. ‘बहात्तरचा दुष्काळ’ हेच त्याचं नाव, आणि त्या नावामागोमाग एक अख्खा शब्दकोश येतो : खडी फोडणं, बंडिंग, पाझर तलाव, हजेरीपट, मुकादम, सुकडी, मिलो. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी म्हणजे मिलो. तिची भाकरी कशी लागायची हे विचारलं की पन्नास वर्षांनंतरही माणसं तोंड वाकडं करतात. कायद्याच्या पुस्तकातून जो शब्द गेला होता तो लोकांच्या तोंडून हलला नाही. सरकारी कागदावरच्या आणि गावाच्या तोंडच्या शब्दांमधलं हे अंतर कशामुळे पडलं आणि त्याची किंमत कुणी मोजली, हा या व्याख्यानाचा विषय आहे. त्यासाठी आधी इंग्रजीच्या घरात जावं लागतं, कारण आपल्या तहसिलात आज चालणारी बरीचशी भाषा तिथून आलेली आहे.

माणसाजवळ असायला हवं ते नसणं यासाठी इंग्रजीत एकच शब्द नाही, एक कुटुंबच आहे. ‘फॅमिन’ लॅटिनमधून, फ्रेंचच्या वाटेनं, चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. त्याचं मूळ ‘फामेस’, म्हणजे भूक. हा शब्द पोटातून निघतो. ‘ड्रॉट’ हा त्याहून जुना, अस्सल इंग्रजी मातीतला. त्याचा अर्थ कोरडेपणा. हा आभाळातून निघतो. ‘डर्थ’ तिसरा. त्याचं नातं ‘डिअर’शी, म्हणजे महाग असण्याशी. धान्य महागलं की तुटवडा, असा त्याचा हिशोब. हा बाजारातून निघतो. ‘स्कॅर्सिटी’ चौथी. तिच्या मुळाशी वेचून काढणं, खुडून घेणं आहे, आणि इंग्रजीत ती प्रथम आली तेव्हा तिचा एक अर्थ चिक्कूपणा, हात आखडता घेणं असाही होता.

मराठीत आणि संस्कृतात असंच कुटुंब आहे. अवर्षण आभाळाचं. महागाई बाजाराची. दुष्काळ म्हणजे वाईट काळ, सगळ्यांवर आलेला. आणि दुर्भिक्ष हा त्यातला सगळ्यात नेमका शब्द म्हणायला हवा : भिक्षा मिळणं अवघड होतं तो काळ. दाराशी आलेल्याला मूठभर घालता येत नाही, इथपर्यंत घराची अवस्था पोचली की दुर्भिक्ष. पाऊस किती मिलिमीटर पडला हे त्या शब्दाला ठाऊक नाही. त्याला उंबऱ्यावर काय घडलं एवढंच कळतं.

पण या घराण्यातला आजच्या काळात सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द आहे ‘डेप्रिव्हेशन’. अर्थशास्त्रात, समाजशास्त्रात, जागतिक संस्थांच्या अहवालांत तो सारखा भेटतो. लॅटिनमध्ये ‘प्रिव्हस’ म्हणजे एकटा, ज्याचा त्याचा. त्यावरून ‘प्रिव्हारे’, म्हणजे वेगळं काढणं, हिरावून घेणं. रोजच्या वापरातला ‘प्रायव्हेट’ याच पोटचा. मध्ययुगातल्या ख्रिस्ती धर्मसत्तेनं ‘डेप्राइव्ह’ हा शब्द एका ठरावीक कामासाठी वापरला : पाद्र्याला त्याच्या पदावरून आणि पदाबरोबर येणाऱ्या उत्पन्नावरून काढून टाकणं. म्हणजे तो एक हुकूम होता. हुकूम काढणारा कुणीतरी होता, ज्याच्यावर निघाला तोही कुणीतरी होता, आणि काय काढून घेतलं ते ठरलेलं होतं.

मराठीतला ‘वंचित’ याच वळणाचा आहे. संस्कृत ‘वञ्च्’ म्हणजे फसवणं. वंचित म्हणजे मुळात फसवला गेलेला. दोन वेगळ्या भाषांमध्ये हा एकच अनुभव साठलेला आहे. पाऊस न पडणं हे कुणाचं कृत्य नसतं. वंचित करणं हे मात्र कृत्य असतं, आणि कृत्याला कर्ता असतो. दुष्काळाबद्दल बोलताना हा कर्ता वाक्यातून गळू नये, एवढीच या व्याख्यानाची मागणी आहे.

महाराष्ट्राच्या आठवणीत दुष्काळांची मोठी रांग आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ लोकांनी देवीच्या नावानं लक्षात ठेवला. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा प्रत्येक मराठी घराला माहीत आहे : बिदरच्या बादशहाची कोठारं दामाजींनी विचारल्याशिवाय उघडली, भुकेल्यांना वाटली, आणि मग खुद्द विठ्ठल महाराचं रूप घेऊन पैसे भरायला गेला. १६३० च्या दुष्काळानं देहूत तुकोबांचं घर मोडलं. पहिली पत्नी आणि मुलगा गेला. दामाजींच्या कथेत एक गोष्ट सहज निसटते. कोठारात धान्य होतं. मंगळवेढ्याची माणसं धान्य नव्हतं म्हणून उपाशी नव्हती. कुलूप होतं म्हणून उपाशी होती. आणि ते कुलूप निघालं ते एका माणसाच्या दयेनं. दया करणाऱ्याचा जीव धोक्यात आला तेव्हा देवाला धावावं लागलं. रयतेचा त्या धान्यावर हक्क होता, असं कथा म्हणत नाही. त्या काळात ते कुणी म्हणूही शकलं नसतं.

हक्काची ही गोष्ट पहिल्यांदा कागदावर आली ती इंग्रजांच्या राजवटीत, आणि तीही लाखो माणसं मेल्यावर. १८७६ ते ७८ या काळात दख्खन आणि मद्रास इलाखा होरपळला. सरकारी दूत म्हणून सर रिचर्ड टेंपल फिरले आणि खर्च वाचवण्यासाठी त्यांनी दुष्काळी कामावरची मजुरी खाली आणली : पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी, एवढ्यावर कष्टाचं काम करणारा माणूस जगू शकत नाही, असा आक्षेप घेतला. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी तर जानेवारी १८७७ मध्ये हजारोंच्या संख्येनं कामं सोडली. उपाशी माणसांनी केलेला संप हा आपल्या इतिहासातला फार मोठा प्रसंग आहे, शाळेच्या पुस्तकात त्याला जागा मिळायला हवी. पुण्याची सार्वजनिक सभा आणि तिचे गणेश वासुदेव जोशी त्या लोकांच्या मागे उभे राहिले. सत्यशोधक समाजानं धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी आश्रम काढला. जोतीराव फुल्यांनी त्यासाठी लोकांकडे मदतीचं आवाहन केलं. याच दुष्काळात गावोगाव फिरलेले वासुदेव बळवंत फडके पुढे १८७९ साली बंडाला उभे राहिले.

मग आयोग बसला. सर रिचर्ड स्ट्रेची त्याचे अध्यक्ष. त्यातून १८८३ साली दुष्काळ संहितेचा मसुदा निघाला आणि त्यावरून प्रत्येक प्रांतानं आपापली ‘फॅमिन कोड’ तयार केली. ही संहिता परकीय सरकारची, कंजूष, मजुराकडे संशयानं बघणारी होती, यात शंका नाही. तरीही तिच्यात एक गोष्ट होती जी आजच्या नियमांत शोधावी लागते. दुष्काळ आला की नाही हे ओळखण्यासाठी ती माणसांकडे बघायची. धान्याचे भाव चढले का, लोक गाव सोडून भटकायला लागले का, चोऱ्या वाढल्या का, बिनओळखीचे भिकारी वाटेवर दिसायला लागले का, हे खालच्या अधिकाऱ्यांनी वर कळवायचं. मग चाचणीची कामं काढायची. कमी मजुरी आणि मोडून टाकणारं काम. तरी माणसं लोटली, तर ओळखायचं की घरात काही उरलेलं नाही. क्रूर पद्धत होती. पण पुरावा म्हणून ती माणसाचं शरीर मानत होती.

आणि संहितेनं ठरवलं होतं की ‘फॅमिन’ हा शब्द एकदा लिहिला की सरकारला काही गोष्टी कराव्या लागतील : कामं काढावी लागतील, अशक्तांना विनाकाम शिधा द्यावा लागेल, सारा तहकूब करावा लागेल. ‘स्कॅर्सिटी’ ही त्याच्या आधीची, हलकी पायरी होती. म्हणजे शब्द दोन आणि त्यांना बांधलेला खर्च वेगवेगळा. शब्दांची घासाघीस तिथून सुरू झाली आणि आजवर थांबलेली नाही.

शब्दाची ही ताकद नेमकी ओळखली ती लोकमान्य टिळकांनी. १८९६ च्या दुष्काळात ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेच्या प्रचारकांमार्फत संहितेतल्या तरतुदी मराठीत शेतकऱ्यांपर्यंत नेल्या गेल्या : पीक बुडालं असेल तर सारा तहकूब करून मागणं हा तुमचा अधिकार आहे, तो सरकारनंच लिहून ठेवलेला आहे, घरदार विकून सारा भरू नका. सरकारचं म्हणणं पडलं की ही चिथावणी आहे. प्रचारकांवर खटले झाले आणि १८९७ साली सरकारनं सभेची मान्यता काढून घेतली. स्वतःच छापलेलं पुस्तक लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवलं, एवढाच गुन्हा होता. टेंभुर्णीचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून हे वारं इथवर त्या रूपात आलं नाही. पूर्णेच्या पलीकडे, वऱ्हाडच्या दिशेला इंग्रजी अंमल होता. सरहद्द इतकी जवळ असूनही हक्काची पोथी एकाच बाजूला होती.

संहिता किती निरुपयोगी होऊ शकते हे १९४३ साली बंगालमध्ये दिसलं. तिथे सुमारे तीस लाख माणसं गेली आणि सरकारनं दुष्काळ जाहीरच केला नाही. जाहीर केला तर संहितेत लिहिलेला शिधा द्यावा लागेल, आणि तेवढं धान्य आपल्याकडे नाही, हे कारण प्रांताच्या कारभाऱ्यांनी स्वतःच्या पत्रव्यवहारात दिलेलं आहे. पुढे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या पुस्तकात आकडे तपासले. १९४३ मध्ये बंगालमधला धान्यपुरवठा १९४१ पेक्षा सुमारे तेरा टक्क्यांनी जास्तच निघाला. एक्केचाळीसला दुष्काळ नव्हता, त्रेचाळीसला होता. मेले कोण? शेतमजूर, कोळी, नावाडी, गावातले कारागीर. भाताचा भाव उडाला आणि त्यांची मजुरी जागेवर राहिली. ज्याच्याकडे स्वतःचं धान्य होतं तो जगला, ज्याला ते विकत घ्यावं लागत होतं तो गेला. सेन यांनी याला हक्क तुटणं म्हटलं. दामाजीपंतांच्या कथेतलं कुलूप इथे पुन्हा दिसतं, फक्त ते बाजारानं घातलेलं होतं.

आता पुन्हा बहात्तर. त्या वर्षी महाराष्ट्रात जे घडलं ते अभिमानानं सांगावं असं आहे. १९७० पासून पाऊस लागोपाठ दगा देत होता, बहात्तरचा खरीप बुडाला, औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद, अहमदनगर, सोलापूर हे जिल्हे सगळ्यात जास्त पोळले. मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटी. म्हणजे दहातला एक माणूस सरकारच्या हजेरीपटावर. रस्ते झाले, पाझर तलाव झाले, नाल्यांना बांध पडले, खडीचे ढीग वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला पडून राहिले. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. ज्याँ द्रेझ यांनी नंतर या काळाचा बारकाईनं अभ्यास केला आणि हे दुष्काळ-निवारणाचं जगातलं एक ठळक उदाहरण मानलं : धान्याचं उत्पादन कोसळलं, खाणं घटलं, गुरं गेली, पण माणसं मोठ्या संख्येनं मेली नाहीत.

हे आपोआप झालं नाही. कामं निघावीत म्हणून मोर्चे निघाले, घेराव पडले. पगार वेळेवर मिळावा म्हणून कामावरच्या बायाबापड्या तहसील कचेरीवर चालून गेल्या. कायद्याच्या पुस्तकात ‘फॅमिन’ उरलं नव्हतं. रस्त्यावर मात्र माणसांनी त्याची जबाबदारी सरकारला सोडू दिली नाही.

या काळातून निघालेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे रोजगार हमी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला १९६५ च्या सुमारास तिचा पहिला प्रयोग केला होता. ‘मागेल त्याला काम’ ही तिची घोषणा. १९७७ साली विधिमंडळानं कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पैशासाठी १९७५ च्या व्यवसाय कराची तरतूद होती. मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेली रक्कम मराठवाड्यातल्या पाझर तलावावर यायची, आणि सरकारनं तेवढीच भर घालायची. शहरानं गावासाठी इतक्या सरळपणे वर्गणी भरल्याचं दुसरं उदाहरण या राज्यात सापडणं कठीण.

पण पैशापेक्षा मोलाचं होतं ते कायद्याचं तत्त्व. रोजगार हमीत कुणी काही जाहीर करण्याची वाटच पाहायची नव्हती. पाऊस किती, पैसेवारी किती, तालुका यादीत आहे की नाही, यातलं काही विचारायचं नाही. माणूस उभा राहिला, काम द्या म्हणाला, की पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता. शब्द उच्चारण्याचा अधिकार मंत्रालयाकडून मजुराच्या तोंडात गेला. १९६३ च्या कायद्यानं जे खोडलं ते १९७७ च्या कायद्यानं वेगळ्या आणि जास्त चांगल्या रूपात परत लिहिलं, असं म्हणावं लागतं. २००५ साली देशाचा कायदा झाला तेव्हा त्याच्यासमोर महाराष्ट्राचाच नमुना होता. भत्ता प्रत्यक्षात किती जणांच्या हातात पडला, ही मात्र दुखरी बाब आहे. काम मागितल्याची पोचच दिली नाही तर पंधरा दिवस मोजायला सुरुवात कुठून करणार? हक्क कागदावर ठेवून तो हिरावण्याचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे, आणि गावोगावच्या मजुरांना तो पाठ आहे.

त्याच बहात्तरनं पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत दिली. तिचे नियम आज वाचले तरी अंगावर काटा येतो. पाणी जमिनीच्या एकरावर नाही, घरातल्या माणसांवर वाटायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ज्याच्याकडे सातबाराच नाही त्याला पाण्याचा धनी करणं, हे हिरावण्याच्या नेमकं उलट पाऊल होतं.

जालना जिल्ह्यानंही आपल्या परीनं उत्तर दिलेलं आहे. कडवंचीनं पाणलोटाची कामं करून, शेततळी खोदून द्राक्षाच्या बागा उभ्या केल्या. २०१२ च्या भीषण वर्षात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून सरपणाला गेल्या तेव्हा तिथले वेल हिरवे राहिले. जालना शहरातल्या लोकांनी घाणेवाडीच्या तलावातला गाळ उपसला. टेंभुर्णीच्या शिवारातल्या माणसाला अकोलादेवच्या जीवरेखा धरणात किती पाणी साठलं यावरून आपलं वर्ष कसं जाईल हे कळतं. त्यासाठी कुठल्या निर्देशांकाची गरज पडत नाही.

निर्देशांकांचं राज्य मात्र वाढत गेलेलं आहे. आधी आणेवारी होती : सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण, त्यातलं किती आलं ते नजरेनं ठरवायचं. पैसे दशमान झाले तशी ती पैसेवारी झाली आणि पन्नास पैशांची रेघ पडली. आपला गाव एकावन्न पैशांवर ठेवला की एकोणपन्नासवर, यावर गावाचं नशीब. मग मध्येच एक नवा शब्द जन्माला आला : ‘दुष्काळसदृश’. दुष्काळासारखं दिसणारं, पण दुष्काळ नसलेलं काहीतरी. २०१५-१६ मध्ये हा शब्द इतका बोचला की प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि मे २०१६ मध्ये सरकारला एकोणतीस हजारांवर गावांत ‘दुष्काळ’ म्हणावं लागलं. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं स्वराज अभियानाच्या याचिकेवर निकाल देताना, दुष्काळ कबूल करायला राज्यं कचरतात याबद्दल कठोर शब्द वापरले आणि केंद्राला दुष्काळाची नियमपुस्तिका नव्यानं करायला लावली.

नवी पुस्तिका २०१६ ची. पावसाची तूट आणि खंड ही पहिली कळ, म्हणजे कार्यालयात जिला ‘ट्रिगर’ म्हणतात ती. त्यानंतर उपग्रहानं टिपलेला हिरवेपणा, जमिनीतला ओलावा, पेरा, धरणं आणि भूजल. शेवटी काही गावांत जाऊन पिकाची खातरजमा. ३१ ऑक्टोबर २०१८ ला महाराष्ट्रानं यानुसार १५१ तालुके जाहीर केले, ११२ गंभीर आणि ३९ मध्यम. ३१ ऑक्टोबर २०२३ ला ४० तालुके, २४ गंभीर आणि १६ मध्यम. बाकीच्यांची ओरड झाली तेव्हा महसूल मंडळांच्या याद्या निघाल्या, आणि त्यांच्यासाठी जुना ओळखीचा शब्द परत आला : दुष्काळसदृश.

शास्त्रीय मोजमापाला विरोध करण्याचं कारण नाही. पैसेवारीतल्या नजरेच्या मेहेरबानीपेक्षा उपग्रह बरा. पण उपग्रहाला पानाचा रंग दिसतो, चूल दिसत नाही. १८८३ चे साहेब निदान विचारत होते की माणसं गाव सोडताहेत का.

जाहीर झाल्यावर मिळतं काय, हेही नीट पाहायला हवं. सवलती आठ आहेत आणि त्या बहुतेकांना तोंडपाठ आहेत : जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू बिलात साडेतेहतीस टक्के सूट, पंपाची वीज न तोडणं, परीक्षा शुल्काची माफी, रोजगार हमीच्या निकषांत ढिलाई, लागेल तिथे टँकर. आता टेंभुर्णीसारख्या गावातली एक शेतमजूर बाई डोळ्यांसमोर आणावी. तिला जमीन नाही, म्हणून महसूल नाही. बँकेचं कर्ज नाही, म्हणून पुनर्गठन नाही. पंप नाही, म्हणून बिल नाही. आठातल्या पाच सवलती तिच्या दारावरून पुढे निघून जातात. उरतात तीन : पोराची फी, टँकर आणि हमीचं काम. तिचं जे कर्ज आहे ते बचत गटाचं, सूक्ष्म वित्त कंपनीचं, नाहीतर मुकादमाची उचल. त्याच्या वसुलीला स्थगिती नाही. पिकाचं नुकसान शेतकऱ्याचं झालं हे खरंच आहे. पण खुरपणीचे, वेचणीचे बुडालेले दिवस हेही नुकसान आहे आणि त्याची भरपाई लिहिण्यासाठी आपल्या नमुन्यात रकानाच नाही.

मग दिवाळी झाली की कोयत्याची जोडी ठरते. जालना जिल्ह्यातल्या तालुक्यांतून माणसं ऊसतोडीला जातात, मुलं बरोबर नाहीतर हंगामी वसतिगृहात. सरकारी भाषेत हे स्थलांतर. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी १९७९ मध्ये ‘डेप्रिव्हेशन’ मोजताना उत्पन्नाबरोबर आणखी साधे प्रश्न विचारले होते : घरात सकाळी शिजवलेलं खाणं होतं का, मुलाच्या वाढदिवसाला कुणाला बोलावलं होतं का. समाजात जे चारचौघांना करता येतं ते न करता येणं, हे त्यांचं माप. जालन्यात ते माप लावायचं तर प्रश्न इथले लागतील. पोळ्याला दारात बैल होता का? लेकीला दिवाळीला आणता आलं का? मंगळसूत्रातले मणी कधी मोडले? पोरगी सातवीनंतर शाळेत गेली का? या प्रश्नांची उत्तरं कुठलाही उपग्रह देणार नाही, आणि ती देणाऱ्या बाया गावातच बसलेल्या असतात.

जगाचा अनुभवही शब्द उशिरा आल्याचाच आहे. आज आंतरराष्ट्रीय पातळीवर ‘फॅमिन’ जाहीर करायला तीन कसोट्या लावतात : वीस टक्के कुटुंबांना अन्नाची टोकाची ददात, तीस टक्के मुलं तीव्र कुपोषित, आणि दहा हजारांमागे दिवसाला दोन मृत्यू. २०११ मध्ये सोमालियात या कसोट्या पूर्ण होऊन घोषणा झाली ती जुलैमध्ये. त्या संकटात सुमारे दोन लाख साठ हजार माणसं गेली आणि त्यातली निम्मी घोषणेच्या आधीच गेलेली होती. महाराष्ट्रात आज त्या टोकाची वेळ नाही, आणि ती आणू न देण्याचं श्रेय रेशनला, हमीला, रस्त्यांना आणि भांडणाऱ्या माणसांना आहे. पण घोषणेच्या आधी घरं रिकामी होणं इथेही घडतं. फक्त ते मृत्यूच्या रकान्यात न येता सावकाराच्या वहीत येतं.

यावर गावाला करता येण्यासारखं एक काम आहे. ग्रामसभेला ठराव करण्याचा अधिकार आहे आणि नोंदवही ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडला की दर पंधरवड्याला पाच गोष्टी लिहायच्या : किती कुटुंबांनी गाव सोडलं, गुरांच्या बाजारात बैलजोडी कोणत्या भावानं गेली, किती मुलं शाळेतून कमी झाली, खुरपणीची मजुरी आणि कामाचे दिवस किती मिळाले, आणि हमीचं काम लेखी मागूनही पोच किती जणांना मिळाली नाही. अंगणवाडीतलं मुलांच्या वजनाचं रजिस्टर तयारच असतं, ते शेजारी ठेवायचं. लिहिणाऱ्यांत निम्म्या बाया आणि निदान दोन भूमिहीन घरातली माणसं असावीत, नाहीतर वही पुन्हा विहिरी आणि पंपांचीच होईल. अंतिम पैसेवारीच्या आधी ठरावासकट ती तहसीलदारांकडे द्यायची आणि एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे. तालुका यादीत असो वा नसो, मंडळ सदृश असो वा नसो, ठरावाच्या पहिल्या ओळीत गावानं आपला शब्द लिहावा : दुष्काळ.